अ-१ असूनही तीनशेपैकी एकशे अठ्ठावीस?

पाचवीतली मुलगी. प्रगतिपत्रकात सगळ्या विषयांना अ-१ श्रेणी, बाईंचा शेरा 'वाचन स्पष्ट, गणितात रस'. मग एके दिवशी शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल मोबाइलवर उघडतो आणि आकडा दिसतो : ३००पैकी १२८. आई गप्प होते. बाबा कॅल्क्युलेटर काढून बेचाळीस टक्के असा हिशेब करतात. आजी विचारते, "म्हणजे नापास का गं?" त्याच निकालात, त्या आकड्याच्या शेजारीच, 'पात्र' असा शब्द छापलेला असतो. तो कुणी वाचतच नाही.

पहिल्या पेपरला ६६ आणि दुसऱ्याला ६२, असे हे १२८ गुण. दोन्ही पेपरांत प्रत्येकी किमान ४० टक्के, म्हणजे १५०पैकी ६० गुण मिळाले की विद्यार्थी पात्र ठरतो. गेल्या काही वर्षांत पाचवीला राज्यभरातून साधारण चारांतला एकच विद्यार्थी ही रेषा ओलांडतो आहे. याचा अर्थ, घरात ज्या मुलीसाठी सुतकी वातावरण पसरलं, ती परीक्षेला बसलेल्या लाखो मुलांतल्या वरच्या चौथाईत होती. घोटाळा मुलीच्या अभ्यासात नव्हता. शाळेतल्या गुणांची सवय असलेल्या डोळ्यांनी वेगळ्याच जातीचा आकडा वाचला गेला, एवढंच झालं.

प्राथमिक शाळेच्या शेवटच्या टप्प्यावर मुलांभोवती परीक्षांची गर्दी होते. पाचवीची वार्षिक परीक्षा, शिष्यवृत्ती, नवोदय, सातारच्या सैनिक शाळेची प्रवेश परीक्षा, खासगी संस्थांच्या प्रज्ञाशोध परीक्षा, शिवाय अधूनमधून सरकारी सर्वेक्षणं. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या सगळ्यांची एकच खिचडी होते आणि 'किती पडले?' या एकाच प्रश्नाने सगळ्यांची बोळवण होते. खरं तर प्रत्येक परीक्षा वेगळा प्रश्न विचारत असते. मुलाला या इयत्तेपुरतं येतं का, हा एक प्रश्न. बसलेल्या सगळ्यांत मूल कुठे आहे, हा दुसरा. आणि आपल्या जिल्ह्यातल्या शाळा नीट शिकवतात का, हा तिसरा. त्यात एकट्या मुलाचा संबंध जवळजवळ नसतोच. परीक्षा कोणता प्रश्न विचारते आहे हे आधी कळलं, तरच गुणांना काही अर्थ येतो.

तिसऱ्या प्रकाराचं लवकर आटपता येईल. पूर्वी 'राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण' या नावाने ओळखलं जाणारं आणि आता 'परख' या केंद्रीय संस्थेमार्फत होणारं सर्वेक्षण हा त्याचा नमुना. ४ डिसेंबर २०२४ला ते तिसरी, सहावी आणि नववीच्या वर्गांत झालं. ठरावीक शाळा निवडल्या जातात, त्यांतली काही मुलं निवडली जातात आणि निकाल लागतो तो जिल्ह्याचा आणि राज्याचा. मुलाच्या नावाने गुणपत्रिका येत नाही. तेव्हा शाळेतून 'उद्या सर्वेक्षण आहे, मुलांना नक्की पाठवा' असा निरोप आला, तर मुलाला वेळेवर आणि पोटभर खाऊन पाठवावं. रात्री जागवून पाढे म्हणवून घेण्याचं काही कारण नाही.

पहिल्या प्रकारात येते ती पाचवीची वार्षिक परीक्षा. तिच्याबद्दल मात्र बऱ्याच घरांत जुनीच समजूत आहे. शिक्षण हक्क कायदा आला आणि 'आठवीपर्यंत कुणी नापास होत नाही' हे वाक्य घरोघरी पाठ झालं. २०१९मध्ये केंद्राने या कायद्यात दुरुस्ती केली आणि पाचवी व आठवीत नापास झालेल्या मुलाला त्याच वर्गात ठेवायचं की नाही, हे राज्यांवर सोपवलं. महाराष्ट्राने २०२३मध्ये नियम बदलले आणि २०२३-२४पासून या दोन वर्गांना वार्षिक परीक्षा लागू झाली. पाचवीला दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास. प्रत्येक विषयाला ५० गुण आणि उत्तीर्ण व्हायला त्यातले किमान १८. कमी पडले तर मुलाला जादा मार्गदर्शन मिळतं, निकालानंतर दोन महिन्यांच्या आत पुनर्परीक्षा होते आणि तीही पार पडली नाही, तरच मूल पाचवीत राहतं. शाळेतून काढून मात्र टाकता येत नाही.

ही परीक्षा मुलाला दुसऱ्या कुणाशी ताडून बघत नाही. वर्गातली चाळीसच्या चाळीस मुलं उत्तीर्ण होऊ शकतात आणि व्हावीत, अशीच तिची रचना आहे. म्हणून इथे 'कितवा आला?' हा प्रश्न गैरलागू. एखाद्या विषयात अठराच्या आसपास गुण रेंगाळत असतील, तर विचारायचं ते वेगळंच : मुलाला प्रश्न वाचता येत नाही, की प्रश्न कळूनही गणित सुटत नाही? पाचवीत परिसर अभ्यासात मागे पडणारं मूल पुष्कळदा वाचनात अडखळणारं असतं. त्याला परिसर अभ्यासाची शिकवणी लावून काय उपयोग?

आता पालकांची झोप उडवणारा दुसरा प्रकार, म्हणजे निवड करणाऱ्या परीक्षा.

शिष्यवृत्ती परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. आज चाळिशी ओलांडलेल्या पालकांनी ती चौथीत दिलेली असते. २०१६-१७पासून ती पाचवी आणि आठवीत गेली, कारण शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक टप्पा पाचवीपर्यंत धरला. पण गावोगावच्या जिल्हा परिषद शाळा बऱ्याच ठिकाणी चौथीपर्यंतच. पाचवीला मूल हायस्कूलच्या मोठ्या वर्गात जाऊन पडतं आणि शिष्यवृत्तीसाठी जीव टाकणारे गुरुजी मागे राहतात. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्याही रोडावली. शेवटी राज्य सरकारने २०२५मध्ये ही परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. २०२५-२६ हे सांधा बदलण्याचं वर्ष म्हणून चौथी, पाचवी, सातवी, आठवी अशा चारही वर्गांना परीक्षा ठेवली आणि २०२६-२७पासून फक्त चौथी आणि सातवी. ज्यांचं मूल आज तिसरीत आहे, त्यांनी मोठ्या भावंडाच्या वेळचं वेळापत्रक डोक्यातून काढून टाकावं.

पाचवीच्या परीक्षेचा आराखडा असा : पेपर दोन, दोन्ही एकाच दिवशी, मध्ये जेवणाची सुट्टी. पहिल्यात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न. दुसऱ्यात तृतीय भाषेचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५०. मराठी माध्यमाच्या मुलांना तृतीय भाषा इंग्रजी, इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मराठी. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, चार पर्याय, वेळ दीड तास. नव्वद मिनिटांत पंचाहत्तर प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद, आणि त्यातच वाचायचं, विचार करायचा, कच्चं काम करायचं आणि गोल रंगवायचा. शाळेत सावकाश उत्तरं लिहिणाऱ्या, वळणदार अक्षरासाठी शाबासकी मिळवणाऱ्या मुलाची इथे तारांबळ उडते, ती हुशारी कमी म्हणून नव्हे.

पेपर काढणाऱ्यांना एक प्रमाण पाळावं लागतं. ३० टक्के प्रश्न सोपे, ४० टक्के मध्यम, ३० टक्के कठीण. पंचाहत्तरांपैकी बावीस-तेवीस प्रश्न मुद्दाम कठीण ठेवलेले असतात, कारण यादी लावायची तर वरच्या मुलांमध्येही फरक दिसायला हवा. सगळ्यांना सगळं आलं, तर ही परीक्षा फसली. शाळेच्या परीक्षेचा हेतू नेमका उलटा असतो. म्हणूनच शाळेतल्या ९२ टक्क्यांशेजारी शिष्यवृत्तीतले ४३ टक्के ठेवून हळहळण्यात अर्थ नाही.

उलट्या बाजूचाही हिशेब प्रामाणिकपणे करायला हवा. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला तरी चारांत एकदा बरोबर येतो. म्हणजे काहीही न येणाऱ्या मुलाने सगळे गोल रंगवले, तर त्याच्या वाट्याला १५०पैकी सरासरी सदतीस-अडतीस गुण येतील. पंधरा प्रश्न पक्के येणारं मूल उरलेल्या साठ ठिकाणी अंदाजपंचे गेलं, तरी सरासरीने आणखी पंधरा बरोबर येऊन ते साठ गुणांच्या रेषेला टेकतं. तेव्हा चाळीस गुण पाहून 'निदान थोडं तरी येतं' असा दिलासाही घेऊ नये. बहुपर्यायी परीक्षेतले खालचे गुण फारच थोडं सांगतात. शंभराच्या वर गेल्यावर आकडा बोलू लागतो.

दुसरी गोष्ट, पात्र ठरणं आणि शिष्यवृत्ती मिळणं यांत फरक आहे. शिष्यवृत्तींची संख्या मर्यादित असते, ग्रामीण आणि शहरी भागांसाठी संच वेगळे असतात आणि गुणवत्ता यादीतल्या क्रमाने त्या वाटल्या जातात. पूर्वी पाचवीला वर्षाला फार तर हजार रुपये मिळत. २०२३-२४पासून ही रक्कम वर्षाला पाच हजार झाली. पैसे पहिल्यापेक्षा बरे, पण चौकात लागणाऱ्या फ्लेक्सवरचा फोटो हाच आजही या परीक्षेचा खरा मोबदला मानला जातो, हे कोल्हापूर किंवा साताऱ्याकडच्या कुठल्याही गावात उन्हाळ्यात फिरलं की दिसतं. फ्लेक्सवर नसलेली पण पात्र ठरलेली मुलं गावात किती आहेत, ते मात्र कुठेच लागत नाही.

परीक्षेच्या आत शिरून बघण्यासारखी सगळ्यांत उपयोगी गोष्ट म्हणजे चुकीचे पर्याय. एक साधा प्रश्न घेऊ. केळी ४० रुपये डझन. तीन डझन केळी घेऊन २०० रुपयांची नोट दिली, तर किती रुपये परत मिळतील? पर्याय असे : १६०, १२०, ८०, ३२०. बरोबर उत्तर ८०. उरलेले तीन आकडे उगाच ठेवलेले नाहीत. १६० निवडणाऱ्याने 'तीन डझन' वाचलंच नाही, एका डझनाचे पैसे वजा केले. १२० निवडणाऱ्याने गुणाकार बरोबर केला आणि प्रश्न संपला असं समजून तिथेच थांबला. ३२० निवडणाऱ्याने वजा करायच्या जागी मिळवलं. दुकानातून परतताना खिशात जास्त पैसे कसे आले, हा विचार त्याच्या मनाला शिवला नाही. तिघांनाही शून्यच गुण, पण तिघांची गरज वेगळी. पहिल्याला सावकाश वाचायला शिकवायचं, दुसऱ्याला 'काय विचारलंय' याखाली रेघ मारायला, आणि तिसऱ्याला बाजारात पाठवायचं, हातात नोट देऊन.

सराव पेपर तपासताना बहुतेक पालक फक्त बरोबर उत्तरं मोजतात. चुकीच्या उत्तरात मुलाने कोणता पर्याय निवडला हे बघितलं, तर तासाभरात जे कळेल ते महिन्याभराच्या शिकवणीतही कळणार नाही. त्यासाठी एक वही पुरते. चुकलेला प्रश्न, निवडलेला पर्याय आणि तो का निवडला याचं मुलाने स्वतःच्या शब्दांत दिलेलं कारण. 'घाई झाली' हे कारण पहिल्यांदा चालेल. दहाव्यांदा तेच आलं, तर पेपरांची संख्या कमी करायची वेळ आली असं समजावं. दिवसाला तीन-तीन सराव पेपर सोडवून घेणारे वर्ग आहेत. मूल त्यात गोल रंगवण्यात पटाईत होतं आणि त्याच त्या चुकाही पक्क्या करतं.

गोलांचंही सांगायला हवं. उत्तरपत्रिका यंत्र वाचतं. सतरावा प्रश्न नंतर करू म्हणून सोडला आणि अठराव्याचं उत्तर सतराव्याच्या ओळीत रंगवलं, की तिथून पुढची सगळी उत्तरं एका घराने सरकतात. मुलाला सगळं येत असूनही तो विभाग आडवा होतो. घरी सराव करताना प्रश्नपत्रिकेतच उत्तरावर टिक करण्याची सवय लावली, तर ही चूक परीक्षेच्या दिवशी होणारच. सरावालाही वेगळी उत्तरपत्रिका वापरावी आणि दर पाच प्रश्नांनंतर प्रश्नाचा क्रमांक आणि ओळीचा क्रमांक जुळवून पाहायला शिकवावं. प्रश्नपत्रिकेचा संच कोणता होता, हेही मुलाला लक्षात ठेवायला सांगावं. अंतरिम उत्तरसूची संचानुसार निघते. दुसऱ्याच संचाच्या सूचीने तपासून घरभर रडारड झाल्याचे प्रसंग नवे नाहीत.

नवोदयची गोष्ट वेगळी, कारण तिथे बक्षीस म्हणजे शाळाच. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालयं १९८५-८६मध्ये सुरू झाली, त्यांतलं एक आपल्या अमरावतीत आणि दुसरं हरियाणातल्या झज्जरला. सहावी ते बारावी, निवासी, राहणं-जेवण, गणवेश आणि पुस्तकं मोफत. एका विद्यालयात सहावीला जास्तीत जास्त ८० जागा आणि त्यांतल्या किमान ७५ टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. चौथीला मूल वर्षभर शहरात मामाकडे राहून शिकलं असेल, तर तिथे अडतं. शिवाय ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. 'यंदा अनुभव घेऊ, पुढच्या वर्षी बघू' हा मार्ग इथे बंद आहे.

दोन तासांत ८० प्रश्न आणि १०० गुण. त्यांतले ४० प्रश्न आणि ५० गुण एकट्या मानसिक क्षमता चाचणीचे, अंकगणिताचे २० प्रश्न, भाषेचे २०. मानसिक क्षमतेत शब्द जवळजवळ नाहीत, सगळ्या आकृत्या : वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा निवडा, घडी घालून भोक पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते सांगा. यासाठी जाडजूड गाइड आणण्याआधी रद्दीतला कागद घ्यावा. मुलाला तो एकदा आडवा, एकदा उभा दुमडायला लावावा, कोपऱ्याजवळ पेन्सिलने भोक पाडायला सांगावं आणि उलगडण्याआधी विचारावं, भोकं किती आणि कुठे? चार, हे बहुतेक मुलं सांगतात. कुठे, ते सांगताना चुकतात. दहा-बारा कागद फाडून झाले की डोळ्यांपुढे कागद आपोआप उलगडू लागतो, आणि मग पुस्तकातल्या आकृत्यांची भीती जाते. भाषेच्या विभागात उतारे असतात आणि त्यांवर प्रश्न. पाठांतराचा तिथे काडीइतका उपयोग नाही. रोज वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून 'यात काय झालं?' एवढं सांगणारं मूल तिथे पुढे जातं.

नवोदयचा फॉर्म भरण्याआधी घरात एक बोलणं व्हायला हवं, ते सहसा निवड झाल्यावर होतं. अकरा वर्षांचं मूल घर सोडून राहू शकेल का? त्याला तसं राहायचं आहे का? आणखी एक बाब अनेकांना निवडीनंतर कळते : नववीत काही विद्यार्थ्यांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदय विद्यालयात पाठवलं जातं. मराठी मुलं हिंदी भाषक राज्यात जातात, तिकडची इकडे येतात. कित्येक मुलांना हे वर्ष फार आवडतं. पण 'आमच्या पोराला एवढ्या लांब का पाठवता?' असं नववीत म्हणण्यापेक्षा पाचवीतच ठाऊक असलेलं बरं.

सातारची सैनिक शाळा ही देशातली पहिली, १९६१ची. तिच्या सहावीच्या प्रवेशासाठी देशपातळीवरची परीक्षा असते, ती मराठीतूनही देता येते. ३०० गुणांपैकी निम्मे, म्हणजे १५०, एकट्या गणिताला आहेत. गणितात रमणारं आणि मैदानावर धावणारं मूल असेल तर जरूर विचार करावा. वैद्यकीय तपासणी होते आणि फी बरीच असते, हे आधीच विचारून घ्यावं.

खासगी प्रज्ञाशोध परीक्षांबद्दल थोडं कडवट बोलणं भाग आहे. त्यांतल्या काही खरोखर चांगल्या आहेत, प्रश्न डोकं लावून काढलेले असतात. पण पुष्कळ ठिकाणी 'राज्यात सातवा' असं पदक घेऊन येणाऱ्या मुलाच्या पालकांनी एक प्रश्न विचारावा : बसले किती होते आणि कोणत्या शाळांतले? क्रमांकाला अर्थ असतो तो गर्दीमुळे. ही माहिती संस्था देत नसेल, तर पदक मुलाच्या आनंदासाठी भिंतीवर लावावं आणि त्यावरून कोणताही निर्णय घेऊ नये. शेजारच्या घरातल्या पदकांच्या रांगेवरून तर मुळीच घेऊ नये.

मग मुलाला बसवावं तरी कोणत्या परीक्षेला? वर्षभरात दोनपेक्षा जास्त निवड परीक्षा दहा वर्षांच्या मुलाच्या अंगावर घालू नयेत, असं शिष्यवृत्तीचे वर्ग घेणारे अनुभवी शिक्षकही खासगीत सांगतात. जाहिरातीत सांगत नाहीत. शिष्यवृत्ती आणि नवोदय यांची तयारी बऱ्यापैकी एकमेकींत मिसळते, म्हणून ही जोडी चालते. गणितात अजून हातच्याचा गुणाकार डगमगत असेल, तर ते वर्ष निवड परीक्षेपेक्षा त्या गुणाकाराला द्यावं. आणि शाळेने सगळ्या वर्गाचे फॉर्म एकगठ्ठा भरले असतील, तर मुलाला स्वच्छ सांगावं की ही परीक्षा अवघडच काढलेली असते, अर्धं आलं तरी खूप झालं. घरातून हे वाक्य आधी ऐकलेलं मूल कठीण प्रश्न आला की तिथेच अडकून रडत बसत नाही, पुढच्या प्रश्नावर जातं. बहात्तर सेकंदांच्या हिशेबात हे पुढे जाणंच सर्वांत मोठं कौशल्य आहे.

दृष्टी, श्रवण, हस्तकौशल्य किंवा वाचनाची अडचण असलेल्या मुलांसाठी सवलती असतात, पण त्या परीक्षेच्या सकाळी केंद्रावर मागून मिळत नाहीत. आवेदनपत्र भरतानाच तशी नोंद करावी लागते आणि प्रमाणपत्र जोडावं लागतं. प्रमाणपत्र काढायला जिल्हा रुग्णालयात किती फेऱ्या होतात हे माहीत असणाऱ्यांनी फॉर्मची वाट न पाहता जूनपासूनच त्यामागे लागावं.

परीक्षेच्या दिवशीची व्यवस्था साधी. केंद्र बहुधा दुसऱ्याच शाळेत असतं, म्हणून आदल्या दिवशी एकदा रस्ता पाहून घ्यावा. प्रवेशपत्र, दोन चालणारी पेनं, पाण्याची बाटली, दोन पेपरांच्या मध्ये खायला घरचा डबा. आणि पहिला पेपर सुटल्यावर फाटकातच 'किती सोडवलेस, त्याचं उत्तर काय लिहिलंस' ही उलटतपासणी टाळावी. दुसरा पेपर अजून व्हायचा असतो.

निकाल लागला की आकडा बघण्याआधी तीन गोष्टी शोधाव्यात : पात्र की अपात्र, दोन्ही पेपरांचे वेगवेगळे गुण आणि विषयवार गुण. एकूण बेरजेत सगळं झाकलं जातं. सुरुवातीच्या त्या मुलीचं समजा गणितात १००पैकी ३४ आणि प्रथम भाषेत ५०पैकी ३२ असं निघालं, तर वर्गातल्या अ-१बद्दलही एक प्रश्न उभा राहतो. वर्गात ती बाईंनी सोडवून दाखवलेल्या पद्धतीचीच उदाहरणं करत होती का? हा प्रश्न बाईंना विचारण्यात तक्रार नाही, बाईंनाही तो पडलेला असण्याची शक्यता आहे. उत्तरसूचीशी ताडता गुणांत मोठी तफावत दिसली, तर अंतरिम निकालानंतर ठरलेल्या मुदतीत गुणपडताळणीसाठी अर्ज करता येतो. तो शाळेच्या लॉगिनमधून जातो, म्हणून मुख्याध्यापकांना लगेच गाठावं. मुदत थोडीच असते आणि ती नेमकी उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळेचं कार्यालय अर्धवेळ उघडं असताना येते.